चौघे गुडघ्यांवर, पाचवा कुठे? : हांगझोऊची युए फेई समाधी

चीनमधल्या हांगझोऊ शहरात पश्चिम सरोवर नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या वायव्य काठावर, छिशिया टेकडीच्या पायथ्याशी, मातीचे गोल उंचवटे असलेल्या दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. मोठी बापाची, लहान मुलाची. समाधीच्या अंगणात शिरायचं जे दार आहे, त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी कठड्यांच्या आत चार पुतळे गुडघे टेकून बसवलेले आहेत. पुतळेही लोखंडाचेच. कमरेच्या वर उघडे, हात पाठीमागे बांधलेले, तोंडं समाधीकडे. तीन पुरुष आणि एक बाई.

शेकडो वर्षं येणारे-जाणारे लोक या चौघांवर थुंकत आले, त्यांना काठ्या-दगडांनी मारत आले. आता तिथे 'कृपया थुंकू नये' अशी सूचना लावावी लागली आहे. समाधी आहे युए फेई या सेनापतीची. सुंग घराण्याचा हा सेनापती इ.स. 1142 च्या जानेवारीत खोट्या आरोपावरून तुरुंगात मारला गेला. गुडघ्यांवरचे चौघे म्हणजे त्या कटातली माणसं : मुख्यमंत्री छिन ह्वेई, त्याची बायको वांग, खटला चालवणारा मोछी श्ये आणि युए फेईचाच सहकारी असलेला सेनापती झांग जुन.

पण राज्यातल्या सर्वांत मोठ्या सेनापतीला मारण्याचा हुकूम मुख्यमंत्री एकटा काढू शकतो का? वर सम्राट बसलेला असतो. त्याच्या होकाराशिवाय हे होणं शक्य नव्हतं. मग तो पाचवा, सम्राट गाओझोंग, त्या कठड्याआड का नाही? माझ्या मते ही जागा समजून घ्यायची असेल तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

आधी शब्दांचा थोडा उलगडा. या जागेला चिनी भाषेत 'युएवांग मियाओ' म्हणतात, म्हणजे 'युए राजाचं मियाओ'. मियाओचं भाषांतर आपण मंदिर असं करतो, आणि तिथे मूर्ती असते, उदबत्त्या लागतात, लोक वाकून नमस्कार करतात, म्हणून ते चुकीचंही नाही. मात्र मियाओ देवाचंच असतं असं नाही. थोर मृत व्यक्तीची आठवण जिथे रीतसर राखली जाते, तेही मियाओ. तो मान बहुतेक वेळा सरकार देत असे. जिवंत अधिकाऱ्याला जशी बढती मिळते, तशी मेलेल्यालाही मिळायची. पदवी वाढायची, प्रसंगी काढूनही घेतली जायची. युए फेई जिवंतपणी राजा कधीच नव्हता. 'राजा' ही पदवी त्याला मरणानंतर बासष्ट वर्षांनी, 1204 मध्ये मिळाली. हा मृत्यूनंतरच्या बढती-बडतर्फीचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

सगळं सुरू झालं 1127 मध्ये

युए फेईचा जन्म 1103 चा, आजच्या हनान प्रांतातल्या तांगयिनमधला, शेतकरी कुटुंबातला. त्या वेळी सुंग घराण्याची राजधानी कायफंग होती आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या शहरांत तिची गणना होत होती. उत्तरेकडे मांचुरियाच्या जंगलपट्टीतून आलेल्या जुर्चेन लोकांनी आपलं 'जिन' नावाचं राज्य उभं केलं होतं. 1127 मध्ये जिन फौजेने कायफंग लुटलं आणि सुंगांचे दोन सम्राट, गादी सोडलेला ह्वेईझोंग आणि गादीवरचा त्याचा मुलगा छिनझोंग, यांना कैद करून उत्तरेला नेलं. राण्या, राजपुत्र, दरबारी, कारागीर, सगळे बरोबर हाकत नेले. ह्वेईझोंगचा एक मुलगा त्या दिवसांत राजधानीबाहेर होता म्हणून वाचला. तोच गाओझोंग. वडील आणि भाऊ शत्रूच्या कैदेत असताना तो विशीतच सम्राट झाला, दक्षिणेकडे पळत राहिला आणि अखेर 1138 मध्ये हांगझोऊला स्थिरावला.

राज्य कोसळलं तेव्हा सरकारी फौजही विस्कटली. ज्याच्या अंगात धमक होती त्याने पळालेले शिपाई, शरण आलेले दरोडेखोर, बेघर झालेले शेतकरी गोळा करून सैन्य उभं केलं. त्यामुळे फौजा सरदारांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. युए फेईची फौज म्हणजे 'युएजियाजुन', युए घराण्याची फौज. तिच्या शिस्तीबद्दल एक वचन आजही सांगितलं जातं : गारठून मरू, पण कुणाचं घर लाकडासाठी पाडणार नाही; उपाशी मरू, पण लूट करणार नाही. ज्या काळात आपल्याच फौजेची धाड शत्रूच्या धाडीइतकी भयंकर असायची, त्या काळात ही शिस्त सामान्य माणसाला किती मोलाची वाटली असेल! माझ्या समजुतीप्रमाणे युए फेईवरच्या लोकांच्या प्रेमाचं मूळ त्याने जिंकलेल्या लढायांपेक्षा इथे जास्त आहे.

अर्थात लढायाही त्याने जिंकल्या. 1134 मध्ये शियांगयांगचा महत्त्वाचा मुलूख परत घेतला. 1140 मध्ये यानचंगजवळ जिनांच्या चिलखती घोडदळाला मागे रेटलं, आणि कायफंग आता हाताच्या अंतरावर आलं असं वाटू लागलं. नेमक्या त्याच वेळी माघारीचा हुकूम आला.

लोककथेत हा प्रसंग असा येतो की एका दिवसात बारा 'सुवर्णपट' आले. हे सुवर्णपट सोन्याचे नव्हते. तांबड्या लाखेने रंगवलेली लाकडी पट्टी, त्यावर सोनेरी अक्षरं. ती घेऊन निघालेला स्वार वाटेत थांबत नसे. ठाण्याठाण्यावर घोडा आणि माणूस बदलत, रात्रंदिवस दौडत, दिवसाला पाचशे 'ली' म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर अंतर ही डाक कापत असे. असा पट आला की हुकूम थेट सम्राटाचा आहे आणि त्यावर विचारणा करायची सोय नाही, हे समोरच्याला कळायचं. बारा पट एकाच दिवशी आले यावर अनेक इतिहासकारांचा विश्वास नाही. हुकूम आला आणि युए फेई मागे फिरला, एवढं खरं.

जिंकणाऱ्या सेनापतीची भीती

आता गाओझोंगच्या जागी बसून विचार करू. त्याचं समर्थन म्हणून हे सांगत नाही, पण त्याच्या मनातली भीती कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

सुंग घराणं मुळात सैन्याच्या उठावातून जन्माला आलं होतं. 960 मध्ये झाओ कुआंगयिन नावाच्या सेनापतीच्या खांद्यांवर त्याच्या सैनिकांनी सम्राटाचा पिवळा झगा घातला आणि त्याला गादीवर बसवलं. जे आपण केलं ते उद्या आपल्या सरदारांनी करू नये, म्हणून पुढच्याच वर्षी त्याने त्यांना मेजवानीला बोलावलं आणि जमिनी-जुमला देऊन त्यांच्याकडून फौजा सोडवून घेतल्या. तेव्हापासून हे घराणं सेनापतींना कायम दबकून राहिलं. कायफंग पडल्यावर तीच वेळ पुन्हा आली. मोठमोठ्या फौजा सरदारांच्या नावाने, सरदारांच्या शब्दावर चालत होत्या.

गाओझोंगला तर याची झळ स्वतःला लागली होती. 1129 मध्ये त्याच्याच पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी बंड करून त्याला गादी सोडायला लावली आणि त्याच्या तान्ह्या मुलाला सम्राट केलं. बंड मोडलं, गादी परत मिळाली, पण तो एकुलता एक मुलगा त्याच वर्षी वारला. पुढे त्याला अपत्य झालं नाही. 1137 मध्ये युए फेईने दोन गोष्टी केल्या. गाओझोंगने एक मोठी फौज देऊ केली आणि ऐनवेळी ती द्यायला नकार दिला, तेव्हा आईच्या सुतकाचं निमित्त करून युए फेई मोहीम सोडून डोंगरात निघून गेला आणि बऱ्याच मनधरणीनंतर परतला. शिवाय, वारस लवकर ठरवावा असं त्याने सम्राटाला सुचवलं. बाहेरून पाहिलं तर सल्ला राज्याच्या हिताचा होता. पण मूल गमावलेल्या आणि बंडाने पोळलेल्या सम्राटाला, हाताशी मोठी फौज असलेला सेनापती वारसाविषयी बोलतो हे कसं वाटलं असेल? गाओझोंगने तिथल्या तिथे सुनावलं की हा विषय तुमच्यासारख्या फौज बाळगणाऱ्याचा नाही.

दुसरीकडे जिन लोकांशी तह करायची त्याची इच्छा होती. त्याची आई, वेई, कैदेत होती. वडील 1135 मध्ये कैदेतच वारले होते, त्यांची शवपेटी परत हवी होती. 1141 मध्ये युए फेई, हान शिझोंग आणि झांग जुन या तिन्ही बड्या सेनापतींना राजधानीत बोलावून मोठी पदं दिली गेली आणि त्यांच्या फौजा काढून घेतल्या गेल्या. साल उलटायच्या आत तह झाला. ह्वाय नदी ही हद्द ठरली. सुंगांनी दर वर्षी अडीच लाख 'ल्यांग' (चांदी तोलायचं चिनी वजन) चांदी आणि अडीच लाख थान रेशीम द्यायचं, आणि स्वतःला जिनांचं मांडलिक म्हणवून घ्यायचं. दुसऱ्या वर्षी आई परत आली, वडिलांची शवपेटीही आली.

एक तारीख इथे नीट पाहायला हवी. तह ठरला तो वर्षाच्या अकराव्या चांद्रमासात. युए फेईला मारलं बाराव्या महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी, आपल्या हिशेबाने 1142 च्या जानेवारीत. म्हणजे तह पदरात पडल्यावर. तहासाठी त्याचा बळी द्यावा लागला हे नेहमीचं स्पष्टीकरण म्हणूनच मला अपुरं वाटतं.

'असेलही कदाचित'

चौकशी प्रथम हे झू नावाच्या अधिकाऱ्याकडे होती. सुंगांच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की युए फेईने अंगरखा बाजूला करून पाठ दाखवली. पाठीवर खोल गोंदलेली चार अक्षरं होती, 'जिन झोंग बाओ गुओ', म्हणजे सारी निष्ठा वाहून देशाचं ऋण फेडणं. हे झूला आरोप पोकळ असल्याची खात्री पटली, त्याने तसं वर कळवलं, आणि खटला त्याच्याकडून काढून मोछी श्येकडे देण्यात आला.

ही अक्षरं आईने गोंदली, ही कथा चीनमधलं शेंबडं पोरही सांगतं. मंदिरात तिचं भित्तिचित्र आहे. पण अधिकृत इतिहासात आईचा उल्लेख नाही. ती गोष्ट पुढच्या काळातल्या कथाकारांनी आणि नाटकवाल्यांनी रुजवली.

हान शिझोंग या दुसऱ्या सेनापतीला राहवलं नाही. त्याने छिन ह्वेईला गाठून विचारलं, पुरावा काय? छिन ह्वेई म्हणाला, "मो शू यू." या तीन अक्षरांचा नेमका अर्थ काय यावर आजही वाद आहे. 'असेलही कदाचित' हा त्याचा रूढ अर्थ. हान शिझोंग उत्तरला, या तीन अक्षरांनी जगाची खात्री कशी पटेल? चिनी भाषेत 'मो शू यू' हा आज रोजचा वाक्प्रचार आहे. कुणावर कुभांड रचलं की तेच शब्द वापरतात.

युए फेईला तुरुंगात संपवलं. वय अवघं अडतीस. मुलगा युए युन आणि अधिकारी झांग शियेन यांचा शिरच्छेद केला. कबुलीजबाबावर युए फेईने म्हणे आठच अक्षरं लिहिली होती. एकच वाक्य दोनदा : आकाशातल्या सूर्यासारखं सगळं स्वच्छ आहे.

प्रेताचं काय झालं? परंपरा सांगते की वेई शुन नावाच्या तुरुंगाच्या शिपायाने ते रात्री पाठीवर घेऊन शहराबाहेर नेलं आणि गुपचूप पुरलं. ओळख राहावी म्हणून सोबत जेडचं कडं ठेवलं आणि वर संत्र्याची दोन झाडं लावली. मरताना त्याने जागा आपल्या मुलाला सांगितली. सरकारदरबारी ज्याचं नाव घेणं धोक्याचं होतं, त्याची समाधी वीस वर्षं एका साध्या शिपायाच्या घराने सांभाळली. या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा माणूस हाच वाटतो.

दरम्यान छिन ह्वेईने खाजगी इतिहासलेखनावर बंदी आणली होती आणि सरकारी इतिहासाच्या कामावर आपला मुलगा नेमला होता. उलट बाजूने, युए फेईचा नातू युए के याने आजोबांची बाजू मांडण्यासाठी कागद गोळा केले, त्यांचा ग्रंथ केला. आज युए फेईबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं या नातवाच्या हातून आलं आहे. म्हणून इतिहासकार ते जपून वापरतात : एका बाजूने पुसलेलं आणि दुसऱ्या बाजूने मायेने लिहिलेलं, अशी ही साधनं आहेत.

मेलेल्याची बढती, मेलेल्याची बडतर्फी

1161 मध्ये जिनांनी तह मोडून स्वारी केली. 1162 मध्ये गाओझोंगने गादी दत्तक मुलाला, श्याओझोंगला दिली. नव्या सम्राटाला लढायचं होतं, आणि लढायचं तर सैनिकांसमोर युए फेईचं नाव हवं होतं. वेई शुनच्या मुलाने जागा दाखवली. अस्थी काढून छिशिया टेकडीच्या पायथ्याशी सन्मानाने पुरल्या. आजची समाधी तीच जागा.

पण त्या वेळच्या फर्मानात लिहिलं काय होतं? गादी सोडलेल्या सम्राटांना युए फेईचा कधी विसर पडला नाही, आणि त्यांच्याच इच्छेला मान देऊन आम्ही त्याला पूर्वपद बहाल करतो. गाओझोंग तेव्हा जिवंत होता, धडधाकट होता, पुढे 1187 पर्यंत जगला. ज्याच्या संमतीने खून झाला त्याच्याच इच्छेने सन्मान झाला, अशी ही नोंद. पाचव्याला कठड्याआड न बसवण्याची सोय पहिल्याच सरकारी कागदाने करून ठेवली होती.

पुढचा हिशेब पाहा. 1204 मध्ये युए फेईला 'अ' नावाच्या प्रांताचा राजा ही पदवी मिळाली, कारण दरबार जिनांवर स्वारीची तयारी करत होता. 1206 मध्ये स्वारी सुरू झाली, आणि मरून पन्नास वर्षं झालेल्या छिन ह्वेईच्या पदव्या काढून त्याला निंदेचं नाव चिकटवलं गेलं. युद्ध अंगाशी आलं. 1208 मध्ये तह झाला, आणि छिन ह्वेईच्या पदव्या त्याला परत मिळाल्या! लढाईचे ढोल वाजले की युए फेई वर, तहाची बोलणी लागली की छिन ह्वेई वर. 1221 मध्ये समाधीजवळचा एक बौद्ध मठ युए फेईच्या स्मरणासाठी नेमून देण्यात आला, आणि त्यातूनच पुढचं मंदिर वाढलं.

आज दिसणाऱ्या वास्तूचा आराखडा मुख्यतः 1715 च्या जीर्णोद्धाराचा. मुख्य सभागृहात युए फेईची बसलेली मूर्ती आहे, 4.54 मीटर उंच, चिलखतावर जांभळा झगा, एका हाताची मूठ वळलेली. डोक्यावर फलक : 'आमच्या नद्या, आमचे डोंगर परत द्या.' छतावर उडते करकोचे रंगवलेले. त्या सभागृहाबाहेरचा फलक कबुलीजबाबातल्या त्या आठ अक्षरांची आठवण देतो.

शेजारच्या अंगणात एका मंडपात काळपट, दगडासारखे झालेले झाडाच्या खोडाचे तुकडे मांडले आहेत. कथा अशी की तुरुंगाजवळचा हा सुरूच्या जातीचा वृक्ष युए फेई मेला त्या दिवशी वाळला आणि वाळूनही कोसळला नाही. प्रत्यक्षात ते जीवाश्म आहेत, युए फेईच्याच काय, माणसाच्याही कितीतरी आधीचे. पण लोकांनी त्यांना 'निष्ठेचा वृक्ष' म्हणून जपलं. पुढे समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर दगडी घोडे, वाघ, मेंढे आणि दगडी सेवक दुतर्फा उभे आहेत. समाधीच्या शिळेवर एवढंच कोरलंय : 'सुंग, अ चा राजा युए, यांची समाधी.'

लोखंडाचा काय दोष?

गुडघ्यांवरचे पुतळे सुंग काळातले नाहीत. ते आले मिंग घराण्याच्या काळात, 1513 मध्ये, म्हणजे युए फेई मेल्यावर पावणेचारशे वर्षांनी. पहिले तीनच होते आणि तांब्याच्या मिश्रधातूचे होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते लोखंडात ओतले गेले आणि चौथा, झांग जुन, त्यांच्यात आला. लोकांच्या माराने ते वारंवार फुटत, मुंडकी तुटत, पुन्हा ओतले जात. म्हणून आज दिसणारे पुतळे जुने नाहीत. जुनी आहे ती त्यांना बसवण्याची रीत.

समाधीच्या दारावर एक दोन ओळींचा लेख आहे, छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातल्या शू आडनावाच्या एका स्त्रीने रचलेला. त्याचा अर्थ असा : हिरव्या डोंगराचं भाग्य की निष्ठावंताची हाडं त्याच्या कुशीत आली, पांढऱ्या लोखंडाने काय पाप केलं की त्यातून दुष्ट मंत्री ओतावे? युए फेईची कीव नाही, छिन ह्वेईला शिवी नाही. बाईंनी दया दाखवली ती धातूला. मला ही रचना आजवर वाचलेल्या समाधिलेखांत सर्वांत धारदार वाटते.

छिन आडनावाच्या माणसांचं काय होत असेल? अठराव्या शतकातला विद्वान छिन दाशी राजपरीक्षेत देशात पहिला आलेला. त्याच्या नावावर दोन ओळी सांगितल्या जातात : सुंगांनंतर कुणी 'ह्वेई' नाव ठेवायला धजेना, आणि मला या समाधीपुढे 'छिन' आडनावाची लाज वाटते.

लोकांनी राग स्वयंपाकघरातही नेला. चीनमध्ये सकाळी न्याहारीला 'योउथ्याव' खातात : मैद्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मधोमध काडीने दाबायच्या, ताणून लांब करायच्या आणि उकळत्या तेलात सोडायच्या. फुगून त्या जोडीनेच तरंगतात. कथा म्हणते की त्या दोन पट्ट्या म्हणजे छिन ह्वेई आणि वांग, पाठीला पाठ लावून तेलात. काही भागांत या पदार्थाचं जुनं नावच 'तळलेला ह्वेई' असं आहे. सिंगापुरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तो 'यू चार क्वे' या नावाने पाहिला असेल. हांगझोऊत त्याचा आणखी एक प्रकार मिळतो, 'त्सुंगबाओह्वेई' : योउथ्याव आणि कांद्याची पात पातळ पोळीत गुंडाळायची, तापल्या तव्यावर उलथन्याने दाबून दाबून चपटी करायची, कडा कुरकुरीत झाल्या की वरून गोडसर सॉस फासायचा. हे नाव कथेमुळे पडलं की नावावरून कथा रचली, ते भाषेचे अभ्यासक तपासत बसोत. तव्यावरचं ते दाबणं मात्र लोक मनापासून करतात.

पुन्हा एकदा तीच वेळ

पुतळे मिंग काळातच का आले, याला माझ्या मते एक कारण आहे. 1449 मध्ये मिंग सम्राट मोंगोलांशी लढायला स्वतः गेला आणि तूमूच्या लढाईत कैद झाला. तीनशे वर्षांनी पुन्हा उत्तरेकडच्या शत्रूच्या हाती सम्राट! लोकांना 1127 आठवलं. पुढच्याच वर्षी, 1450 मध्ये, युए फेईच्या जन्मगावी तांगयिनला त्याचं मंदिर उभं राहिलं. ते व्हावं म्हणून खटपट करणारा अधिकारी शू योउचेन. तिथे आज पाच पुतळे गुडघ्यांवर आहेत. पाचवा कोण? वांग जुन, खोटी तक्रार करणारा हाताखालचा अधिकारी. सम्राट तिथेही नाही.

1449 च्या त्या संकटात बीजिंग वाचवणारा मंत्री होता यू छियेन, मूळचा हांगझोऊचा. कैदेतला सम्राट सुटून आला आणि 1457 मध्ये त्याने गादी परत मिळवली, तेव्हा यू छियेनवर आरोप ठेवला गेला की त्याच्या मनात राजद्रोहाचा 'इरादा होता'. पुरावा नव्हता. शिरच्छेद झाला. यू छियेनला मारायलाच हवं असा आग्रह धरणारा माणूस कोण? तोच शू योउचेन, सात वर्षांपूर्वी युए फेईचं मंदिर उभारणारा. यू छियेनची समाधीही पश्चिम सरोवराजवळच आहे.

छिंग घराणं तर मांचू होतं, जुर्चेनांचे थेट वारसदार. त्यांनी मंदिर पाडलं नाही. 1715 चा जीर्णोद्धार त्यांच्याच राज्यातला, आणि छियानलोंग सम्राटाने हांगझोऊला येऊन युए फेईच्या स्तुतीच्या कविता लिहिल्या. युए फेईच्या जुर्चेनांवरच्या विजयांचा विषय अडचणीचा होता, पण सम्राटाचा हुकूम येताच जिंकलेली लढाई सोडून परतणारी निष्ठा कोणत्याही राजघराण्याला हवीच असते. 1961 मध्ये समाधीला राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत 1966 मध्ये समाधी आणि मूर्ती उद्ध्वस्त झाल्या आणि 1979 मध्ये सगळं पुन्हा उभारलं गेलं. 2011 मध्ये पश्चिम सरोवराचा परिसर जागतिक वारसा यादीत आला. वाद तरीही मिटला नाही. 2002 च्या अखेरीस शालेय इतिहासाच्या शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शनात युए फेईला 'राष्ट्रवीर' म्हणावं का असा प्रश्न आला, कारण जुर्चेनांचे वंशजही आज चिनीच आहेत. लोक संतापले.

आणि गाओझोंग? त्याची कबर हांगझोऊजवळ शाओशिंगला, सुंग सम्राटांच्या दफनभूमीत होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मोंगोल राजवटीतल्या एका धर्माधिकाऱ्याने ती दफनभूमी खणून लुटली. हाडं जनावरांच्या हाडांत मिसळून हांगझोऊला एका मनोऱ्याखाली पुरली.

आता पाचव्याचं उत्तर. मंदिराच्या आवारात दोन लांब ओसऱ्या आहेत, त्यांत शंभरावर शिलालेख मांडलेले आहेत : युए फेईचं हस्ताक्षर म्हणून ओळखली जाणारी अक्षरं, जीर्णोद्धारांच्या नोंदी, भेट देऊन गेलेल्या कवींच्या रचना. त्यांत सोळाव्या शतकातला चित्रकार-कवी वेन झेंगमिंग याची एक कविता आहे. त्याला गाओझोंगने युए फेईला पाठवलेल्या फर्मानाची जुनी शिळा पाहायला मिळाली होती. तो लिहितो : तुटकी शिळा पुसली, 'फेईस' ही अक्षरं कशीबशी लागली. तेव्हा किती विश्वास होता, आणि नंतर किती क्रूरपणा. पुढे तो सरळ विचारतो, बाप आणि भाऊ परत आले असते तर तुझी जागा कुठे राहिली असती? उत्तरेचा मुलूख परत मिळेल याची भीती तुलाच होती. बिचाऱ्या एकट्या ह्वेईची काय ताकद? त्याने तुझ्या मनातलं ओळखलं, एवढंच.

मला वेन झेंगमिंगचं अर्धंच पटतं. बाप तर 1135 मध्येच मेला होता, आणि 1141 पर्यंत गाओझोंग गादीवर चांगला रुळला होता. कैदेतल्या भावापेक्षा स्वतःच्या सेनापतींची धास्ती त्याला जास्त होती. पण गुन्हा कुणाच्या दारात ठेवायचा, हे त्याने अचूक सांगितलं. लोखंडात जे ओतता आलं नाही ते त्याने शब्दांत लिहिलं, आणि ती शिळा त्याच आवारात, गुडघ्यांवरच्या चौघांपासून थोड्या अंतरावर, ओसरीच्या भिंतीत बसवलेली आहे.